मिडकॅप शेअर दहा वर्षांसाठी घेताना: काय वाचायचं, किती घ्यायचं, केव्हा विकायचं

मिडकॅप कंपनी म्हणजे नेमकी किती मोठी, याचं उत्तर रुपयांत नाही, क्रमांकात आहे. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी, तिने ऑक्टोबर 2017 मध्ये म्युच्युअल फंडांसाठी व्याख्या ठरवली. बाजारमूल्याच्या (शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर) उतरत्या क्रमाने पहिल्या 100 कंपन्या लार्जकॅप, 101 ते 250 मिडकॅप आणि 251 पासून पुढच्या स्मॉलकॅप. म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी ही यादी वर्षातून दोनदा काढते, जून आणि डिसेंबरअखेरच्या सहा महिन्यांच्या सरासरी बाजारमूल्यावरून, आणि ती तिच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट मिळते. 2017 च्या शेवटी या गटात शिरायला साधारण साडेआठ हजार कोटींचं बाजारमूल्य पुरत होतं. 2025 च्या सुरुवातीला हीच खालची सीमा 33 हजार कोटींच्या आसपास गेली आणि वरची सुमारे 1 लाख कोटींवर.

तेव्हा "मिडकॅप" या शिक्क्यावरून ना कंपनीचा धंदा कळतो, ना तिची उलाढाल. कधी एखादी कंपनी फक्त भाव चढल्यामुळे या यादीत येते आणि भाव उतरला की बाहेर जाते. यादी ही सुरुवातीची चाळणी आहे, तिचा तेवढाच उपयोग करायचा.

दीडशेतून तीस कशा उरतात

ॲम्फीची यादी उतरवून घ्या आणि प्रत्येक कंपनीचे दहा वर्षांचे आकडे स्क्रीनरसारख्या संकेतस्थळावर उघडा. तीन प्रश्नांवर निम्म्याहून अधिक नावं गळतात.

पहिला प्रश्न: कंपनी शेअर बाजारात येऊन सात वर्षं झाली आहेत का? नवी कंपनी वाईट असते असं नाही. पण बाजारात उतरण्याआधीची दोन-तीन वर्षं बहुतेक कंपन्या आपला ताळेबंद सजवून आणतात. तेजीत आणि मंदीत दोन्हीकडे कंपनी कशी वागली, हे पाहायला मिळाल्याशिवाय दहा वर्षांचा पैसा तिच्या हाती देऊ नये.

दुसरा प्रश्न: ही कंपनी काय विकते, कोणाला विकते आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे का जात नाही, हे चार वाक्यांत मराठीत लिहिता येतं का? नाही आलं, तर ती कंपनी बाजूला ठेवा. भाव 40 टक्के पडतो तेव्हा टिकून राहायचं की पळायचं, हे ठरवताना हीच चार वाक्यं हाताशी असतात.

तिसरा प्रश्न: गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा, म्हणजे आरओसीई, गेल्या सात वर्षांतल्या किमान पाच वर्षांत 15 टक्क्यांच्या वर आहे का? व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीचा नफा घ्या, त्याला मालकांचं भांडवल अधिक कर्ज यांच्या बेरजेने भागा. कर्जाचा दर 9-10 टक्के असताना 11 टक्के परतावा मिळवणारी कंपनी वाढत गेली, तरी भागधारकाच्या हाती फार काही लागत नाही. हा निकष बँका आणि वित्तकंपन्यांना लागू पडत नाही, त्यांच्याविषयी पुढे.

नफा कागदावर, रोख खिशात

उरलेल्या तीसेक कंपन्यांचं खरं काम इथून सुरू होतं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. माल पाठवून बिल फाडलं की नफा-तोटा पत्रकात विक्री दिसू लागते. पैसे आले की नाहीत, हे ते पत्रक सांगत नाही. ते रोख प्रवाह पत्रक, म्हणजे कॅश फ्लो स्टेटमेंट सांगतं. तिथला "परिचालनातून आलेली रोख", म्हणजे रोजच्या धंद्यातून आलेली रोख, हा आकडा पाच वर्षांचा एकत्र करा आणि त्याच पाच वर्षांच्या करोत्तर नफ्याच्या बेरजेने भागा. एकाच वर्षाचा आकडा घेऊ नका. मार्चअखेर एखादं मोठं बिल पुढेमागे झालं तरी तो फिरतो.

समजा, पाच वर्षांचा एकूण नफा 600 कोटी आणि परिचालनातून आलेली रोख 540 कोटी. गुणोत्तर 90 टक्के आलं, ठीक आहे. कारखानदारी कंपनीत ते 80 टक्क्यांच्या वर असावं. घसारा हा रोख न जाणारा खर्च नफ्यातून वजा झालेला असतो, म्हणून चांगल्या कंपनीत हे गुणोत्तर 100 च्याही वर जातं. तेच 600 कोटींच्या नफ्यामागे 240 कोटीच आले असतील, तर उरलेले 360 कोटी कुठेतरी अडकले आहेत. बहुतेक वेळा ते येण्यांत, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशात, किंवा गोदामात असतात.

येणी तपासायला सोपं गणित आहे. येणी भागिले विक्री, गुणिले 365. एखाद्या कंपनीची विक्री 1,500 कोटींवरून 2,100 कोटींवर गेली आणि येणी 250 कोटींवरून 520 कोटींवर. विक्री 40 टक्क्यांनी वाढली म्हणून बातमी छान होते. पण उधारी वसूल व्हायला आधी 61 दिवस लागत होते, आता 90 लागतात. म्हणजे वाढलेल्या विक्रीतला मोठा भाग उधारी सैल करून आणलेला आहे. तिमाही संपताना वितरकांच्या गोदामात माल ढकलण्याची सवय याच आकड्यात पकडली जाते. वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये येण्यांचं वयही दिलेलं असतं: सहा महिन्यांच्या आतली किती, एक ते दोन वर्षांची किती, तीन वर्षांहून जुनी किती. जुनी येणी वाढत असतील आणि बुडीतसाठीची तरतूद तिथेच असेल, तर पुढे कधीतरी तो आकडा नफ्यातून एकदम वजा होणार आहे.

हे गुणोत्तर फसवं होतं अशा दोन जागा आहेत. 2019-20 पासून भाड्याच्या जागांचा हिशेब नव्या लेखा मानकाने होऊ लागला आणि दुकानांचं भाडं परिचालनाच्या खर्चातून निघून वित्तपुरवठ्याच्या रकान्यात गेलं. त्यामुळे किरकोळ दुकानांच्या साखळ्या, रेस्टॉरंट, सिनेमागृहं अशा धंद्यांत परिचालनाची रोख आहे त्यापेक्षा गुबगुबीत दिसते. अशा कंपन्यांत भाडेदायित्वाची परतफेड हा आकडा शोधून तो आधी वजा करा. दुसरी जागा बिल वटवण्याची. कंपनी आपली येणी बँकेला विकते, पैसे लगेच मिळतात, येणी कमी दिसतात, रोख वाढलेली दिसते. हा व्यवहार टिपांमध्ये किंवा संभाव्य दायित्वांत सापडतो.

शिल्लक रोखीचीही परीक्षा घ्या. ताळेबंदात 500 कोटींची रोख आणि ठेवी दाखवल्या आहेत आणि वर्षभराचं व्याज उत्पन्न फक्त 8 कोटी आहे, म्हणजे जेमतेम 1.6 टक्के. मग तो पैसा वर्षभर तिथे होता की 31 मार्चपुरता आणला होता? तसंच कराचं. नव्या व्यवस्थेत कंपनी कराचा दर अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के पडतो. एखादी कंपनी वर्षानुवर्षं 12-14 टक्केच भरत असेल, तर त्याचं कारण टिपांत लिहिलेलं असायला हवं: जुने तोटे, विशेष क्षेत्रातली सवलत, परदेशातला नफा, काहीतरी. कारण सापडलं नाही, तर दाखवलेल्या नफ्याविषयी शंका घ्यावी.

शेवटी "बांधकामाधीन मालमत्ता" पाहा. कारखाना उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात, हे खरं. पण तोच प्रकल्प चौथ्या-पाचव्या अहवालातही बांधकामाधीन असेल, तर एक तर पैसा अडकला आहे किंवा खर्च म्हणून दाखवायचा तो मालमत्ता म्हणून दाखवला जातो आहे.

प्रवर्तक

मोठ्या कंपनीत व्यवस्थापनावर शेकडो विश्लेषकांची नजर असते, मिडकॅपमध्ये ती विरळ. तिथे प्रवर्तकाचा, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकाचा, स्वभाव हाच धोक्याचा आणि फायद्याचा मोठा भाग असतो. स्वभाव मुलाखतींतून कळत नाही, कागदांतून कळतो.

तिमाही संपल्यावर 21 दिवसांत कंपनीला भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्यात प्रवर्तकांचा हिस्सा किती आणि त्यातले किती शेअर तारण ठेवले आहेत, हे लिहिलेलं असतं. तारण 10 टक्क्यांच्या आत आणि कमी होत असेल तर कारण विचारून पुढे जा. 25 टक्क्यांच्या वर आणि वाढत असेल, तर धंदा कितीही आवडला तरी थांबा. भाव पडला की कर्ज देणारा अधिक तारण मागतो, ते नसेल तर शेअर बाजारात विकतो, त्याने भाव आणखी पडतो. कंपनीच्या कारखान्यात काहीही बिघडलेलं नसताना शेअर निम्म्यावर येतो तो असा.

संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार ही वार्षिक अहवालातली टीप सगळ्यांत आधी वाचावी. प्रवर्तकाच्या खासगी कंपनीला दिलेलं कर्ज, तिच्याकडून घेतलेला कच्चा माल, ब्रँडच्या नावाबद्दल दिलेली रॉयल्टी, घरच्या जागेचं भाडं, हे सगळं तिथे असतं. आकडे विक्रीच्या मानाने किरकोळ असले आणि दरवर्षी तसेच राहिले तर चालतं. एकदम वाढले, तर भागधारकाच्या ताटातलं कुठेतरी वळवलं जातं आहे. सोबत प्रवर्तक कुटुंबाचं वेतन पाहा. कायद्याने सर्व संचालकांचं मिळून वेतन निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, त्यापुढे भागधारकांची खास मंजुरी लागते. नफा घटलेल्या वर्षीही वेतन वाढलं असेल, तर त्याची नोंद करून ठेवा.

ऑडिटर मुदतीच्या मध्येच सोडून गेला, तर राजीनाम्याचं पत्र शेअर बाजारावर येतं. ते पूर्ण वाचा. "मागितलेली माहिती मिळाली नाही" असा सूर असेल, तर पुढच्या निकालाची वाट पाहत बसू नका. वित्तप्रमुख तीन वर्षांत दोनदा बदलला असेल, तर तेही याच रांगेतलं लक्षण.

फुकट मिळणारा आणि फारसं कुणी न वाचणारा आणखी एक कागद आहे: पतमानांकनाचं टिपण. क्रिसिल, इक्रा, केअर, इंडिया रेटिंग्ज या संस्था कर्ज घेणाऱ्या कंपन्यांवर चार-पाच पानांचं टिपण प्रसिद्ध करतात. त्यातला तरलतेचा परिच्छेद पाहा. येत्या वर्षात किती परतफेड आहे आणि हाती किती रोख आहे, हे तिथे थेट आकड्यांत असतं. कंपनी मानांकन संस्थेला माहिती देत नाही असा शेरा दिसला, तर तिचं नाव यादीतून काढून टाका.

वित्तकंपन्या वेगळ्या वाचायच्या

कर्ज देणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या पत्रकात वाटलेलं कर्ज परिचालनातून गेलेली रोख म्हणून दिसतं. म्हणून वाढत्या वित्तकंपनीची परिचालन रोख बहुधा उणे असते, त्यावरून काही ठरवू नये. तिथे पाहायचं ते कर्ज किती मुदतीचं दिलं आहे आणि पैसा किती मुदतीचा आणला आहे.

घरकर्ज देणारी डीएचएफएल ही कंपनी हे याचं मुंबईतलं उदाहरण. घरकर्जं पंधरा-वीस वर्षांची, आणि ती द्यायला लागणाऱ्या पैशातला काही भाग अल्पमुदतीच्या कागदांतून उभा केलेला. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीने पैसे थकवल्यावर अल्पमुदतीच्या कर्जाचा बाजार आखडला. सहाशेच्या घरात असलेला हा शेअर 21 सप्टेंबरला एका दिवसात 40 टक्क्यांहून अधिक पडला. पुढे कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, 2021 मध्ये पिरामल समूहाकडे आली, आणि त्या निवाड्यात भागधारकांच्या शेअरची किंमत शून्य धरली गेली. पडत्या भावात "एवढी मोठी कंपनी आहे, वर येईलच" म्हणून घेतलेले शेअरही त्यातच गेले. वित्तकंपनीच्या अहवालात मुदतवार जमा-खर्चाचा तक्ता असतो. पहिल्या वर्षभराच्या रकान्यांत देणी येण्यांपेक्षा जास्त दिसली, तर त्या कंपनीपासून दूर राहा. हा तक्ता समजत नसेल, तर मिडकॅपमधल्या वित्तकंपन्या म्युच्युअल फंडावर सोडाव्यात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चांगली कंपनी, वाईट भाव

समजा, कंपनी उत्तम आहे. नफा दरवर्षी 18 टक्क्यांनी वाढतो आहे, आणि सात वर्षं तो तसाच वाढलाही. एवढ्या काळात नफा सुमारे 3.2 पट होतो. तुम्ही शेअर 60 पीईला, म्हणजे एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या 60 पट भावाला, घेतला आणि सात वर्षांनी बाजार त्याला 30 पीई देतो आहे. तुमचे पैसे 1.6 पट झाले, म्हणजे वर्षाला जेमतेम 7 टक्के. मुदत ठेवीइतके. कंपनीने तिचं काम चोख केलं, अंदाज बरोबर आला, तरीही. हाच शेअर 30 पीईला घेतला असता तर 18 टक्के हाती आले असते.

म्हणून घेण्याआधी कंपनीचा गेल्या दहा वर्षांतला मधला पीई काढा. आजचा पीई त्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर थोडं थांबलेलं बरं. मग वरच्यासारखं गणित तुमच्या आकड्यांनी करा: वाढीचा दर तुमच्या अंदाजापेक्षा तीन टक्के कमी धरा, शेवटचा पीई मधल्या पीईइतका धरा, आणि उत्तर 12 टक्क्यांच्या खाली आलं तर त्या भावात घेऊ नका. जोखीम न घेता 7 टक्के मिळत असताना मिडकॅपचे हेलकावे सोसायला वरचे किमान पाच टक्के हवेतच.

धातू, साखर, रसायनं, सिमेंट अशा चक्रात फिरणाऱ्या धंद्यांत पीई उलटा बोलतो. मालाचे भाव शिखरावर असतात तेव्हा नफा फुगतो आणि पीई 8-10 दिसतो. स्वस्त वाटतं, पण तीच घेण्याची सगळ्यांत वाईट वेळ असते. रसायनांच्या अनेक कंपन्यांनी 2021-22 मध्ये विक्रमी नफा दाखवला. 2023 मध्ये जगभरच्या गिऱ्हाइकांनी नवी खरेदी कमी करून आधीचे साठे वापरायला काढले, भाव उतरले, आणि नफा आकसला. अशा ठिकाणी सात ते दहा वर्षांचा सरासरी नफा घेऊन त्यावर पीई काढा.

किती आणि कसं घ्यायचं

आधी मिडकॅपमध्ये एकूण किती, ते ठरवा. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा, आरोग्यविमा वेगळा, पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा (मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता) यात अजिबात नाही. उरलेल्या समभागांच्या पैशातला 25-30 टक्के भाग मिडकॅपला पुष्कळ झाला. मिडकॅपमधलं मोठं नुकसान बऱ्याचदा चुकीच्या कंपनीमुळे होतं त्यापेक्षा नको त्या वेळी पैसे काढावे लागल्यामुळे होतं, आणि ते इथेच टाळता येतं.

कंपन्या 12 ते 15. दहाच्या खाली गेलात तर एक डीएचएफएल सगळं उत्पन्न खाते. वीसच्या वर गेलात तर दर तिमाहीला वीस निकाल वाचणं नोकरी करणाऱ्याला जमत नाही, आणि मग ते वाचलेच जात नाहीत. समभागांच्या एकूण पैशातले एका कंपनीत खरेदीच्या वेळी 6 टक्क्यांहून जास्त नकोत, एका उद्योगात 20 टक्क्यांहून जास्त नको. वाहनांच्या सुट्या भागांच्या चार कंपन्या घेतल्या, तर नावं चार असली तरी मोटारविक्री घसरली की चारही एकदम पडतात.

ठरवलेली रक्कम एकदम घालू नका, चार भाग करा. हे भाग भावाला न बांधता निकालांना बांधा. पहिला भाग आत्ता, पुढचे तीन पुढच्या तीन तिमाही निकालांनंतर, प्रत्येक वेळी कागद वाचून. यात थोडा चढा भाव द्यावा लागेल. पण कंपनी हातात असताना माणूस ती अधिक नीट वाचतो, आणि पहिल्या दोन निकालांत काही खटकलं तर निम्मेच पैसे अडकलेले असतात. निकालानंतरच्या विश्लेषक बैठकीचं शब्दांकन बहुतेक कंपन्या काही दिवसांत शेअर बाजारावर टाकतात. त्यात व्यवस्थापनाने मागच्या वर्षी काय सांगितलं होतं आणि यंदा काय झालं, हे शेजारी शेजारी ठेवून पाहा. नवा कारखाना "पुढच्या तिमाहीत" सुरू होणार असं सलग तीनदा म्हणणारी कंपनी तिथे उघडी पडते.

ऑर्डर नेहमी मर्यादा भावाची, म्हणजे लिमिट ऑर्डर टाका. काही मिडकॅप शेअरमध्ये विक्री आणि खरेदीच्या भावात बरंच अंतर असतं, आणि बाजारभावाने टाकलेली मोठी ऑर्डर वरच्या पायऱ्यांवर जाऊन भरते. बाजार उघडल्यानंतरचा पहिला अर्धा तास सोडून द्या. डिलिव्हरीच्या खरेदीवर 0.1 टक्के आणि विक्रीवर 0.1 टक्के एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर), खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क लागतंच, आणि विक्रीला डिमॅटचं शुल्क वेगळं. वर्षातून एखादाच व्यवहार असेल तर हे किरकोळ आहे. दर महिन्याला अदलाबदल केली तर नाही. होल्डिंग 4 लाखांच्या आत असेल आणि तुमच्या नावावर एकच डिमॅट खातं असेल, तर मूलभूत सेवा डिमॅट खात्याची मागणी करा, त्याला वार्षिक शुल्क लागत नाही.

धरून ठेवण्याचे दिवस

निफ्टी मिडकॅप 100 निर्देशांक जानेवारी 2018 च्या शिखरावरून मार्च 2020 पर्यंत निम्म्यावर आला, आणि ते शिखर पुन्हा गाठायला 2021 उजाडलं. म्हणजे तीन वर्षं. जानेवारी 2008 ते मार्च 2009 मध्ये मिडकॅपची घसरण साधारण दोन तृतीयांश होती. उलट, मार्च 2020 च्या तळापासून सप्टेंबर 2024 पर्यंत हाच निर्देशांक पाचपटीहून अधिक झाला. हे हेलकावे निर्देशांकाचे आहेत, एकेका शेअरचे याहून मोठे असतात. पैसे घालण्याआधी तुमच्या रकमेच्या निम्मी रक्कम कागदावर लिहा आणि ती तीन वर्षं तशीच दिसत राहिली तर घरात काय अडेल, याचा विचार करा. काही अडणार असेल तर रक्कम जास्त आहे.

भाव थांबला म्हणून कंपनी थांबली असं नसतं, आणि भाव थांबण्याला नेहमी कारणही असतं. पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स 2010 मध्ये 310 रुपयांना बाजारात आली. 2015 च्या बोनसनंतर 2019 अखेरपर्यंत तिचा भाव साधारण पाचशे ते नऊशेच्या पट्ट्यातच फिरत राहिला. तेवढ्या काळात उलाढाल 2014-15 मधल्या सुमारे 1,890 कोटींवरून 2018-19 मध्ये 3,365 कोटींच्या घरात गेली होती. पण नफा 290 कोटींवरून 350 कोटींच्या आसपासच पोहोचला होता. चार वर्षांत वीस टक्के. भाव नफ्याच्या मागे चालत होता, उलाढालीच्या नाही. पुढे 2023-24 पर्यंत नफा सुमारे 1,090 कोटी झाला आणि भाव दहापटीहून जास्त वाढला. 2018 मध्ये कंटाळून विकणाऱ्याने काय पाहायला हवं होतं? कर्ज जवळजवळ नाही, रोख येते आहे, नफ्याचं प्रमाण घटतं आहे ते का, आणि ते सुधारण्याची व्यवस्थापनाची योजना काय. हे प्रश्न तेव्हाही विचारता आले असते. आजच्या भावाला हा शेअर घ्यावा की नाही, हा मात्र वेगळा हिशेब आहे.

पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी खाली आणणं, ज्याला सगळे ॲव्हरेज करणं म्हणतात, ते दोनच अटींवर करा. तुमच्या चार वाक्यांतलं एकही वाक्य खोटं ठरलेलं नाही, आणि नवी खरेदी धरून त्या कंपनीचा वाटा 6 टक्क्यांच्या आतच राहतो. बाजार पडला म्हणून पडलेला शेअर घ्यायला हरकत नाही. सगळा बाजार स्थिर असताना एकच शेअर रोज पडत असेल, तर कुणाला तरी तुमच्याआधी काहीतरी कळलेलं आहे. तो आणखी घेण्याआधी पुढच्या निकालापर्यंत थांबा.

विक्री

विकायची कारणं चार. रोख येणं थांबलं. सलग दोन वर्षं पाच वर्षांचं गुणोत्तर 60 टक्क्यांच्या खाली असेल, तर. प्रवर्तकाचं तारण वाढलं किंवा संबंधित पक्षांचे व्यवहार फुगले. कंपनीने न समजणाऱ्या नव्या धंद्यात मोठं कर्ज काढून उडी घेतली. किंवा भाव इतका चढला की वरचं पीई आणि वाढीच्या दराचं गणित 5 टक्क्यांच्या खाली उत्तर देतं, आणि तेव्हाही एकदम नाही, तीन भागांत. एखादी कंपनी वाढून तुमच्या होल्डिंगच्या 15 टक्क्यांपुढे गेली, तर जास्तीचा भाग कमी करणं शहाणपणाचं.

कंपनी ॲम्फीच्या यादीत मिडकॅपमधून लार्जकॅपमध्ये गेली, हे विकायचं कारण नाही. नवी यादी आल्यावर फंडांना एका महिन्यात आपले वाटे जुळवून घ्यावे लागतात, म्हणून अशा शेअरमध्ये काही दिवस उगाच हालचाल दिसते. तुम्हाला तसा काही नियम लागू नाही.

23 जुलै 2024 पासून एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर 12.5 टक्के कर आहे, वर्षाला 1.25 लाखांपर्यंतचा नफा करमुक्त. एका वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के. 5 लाखांचे शेअर 9 लाखांना विकले, तर नफा 4 लाख, करपात्र 2.75 लाख, कर 34,375 रुपये आणि 4 टक्के उपकर 1,375, एकूण 35,750. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वजा होतो आणि विवरणपत्र वेळेत भरलं तरच पुढची आठ वर्षं ओढता येतो. दरवर्षी मार्चमध्ये सव्वा लाखापर्यंतचा नफा विक्री करून मोकळा करायचा आणि तेच शेअर परत घ्यायचे, ही रीत कायद्यात बसते. फक्त त्याच दिवशी परत घेऊ नका, तो इंट्राडे, म्हणजे एकाच दिवसात मिटलेला व्यवहार, धरला जातो आणि सगळा खटाटोप वाया जातो. दुसऱ्या दिवशी घ्या. डिमॅट खात्यात आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात, म्हणून जुन्या आणि नव्या खरेदीच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा.

वेळ नसेल तर

वर लिहिलेलं सगळं करायला दर तिमाहीला दोन-तीन रविवार लागतात. तेवढा वेळ नसेल तर मिडकॅप फंड घ्या, डायरेक्ट, म्हणजे वितरकाशिवायच्या, योजनेतून. या फंडाला किमान 65 टक्के पैसा मिडकॅपमध्ये ठेवावाच लागतो. निफ्टी मिडकॅप 150 चा इंडेक्स फंडही आहे, त्यात कंपनी निवडीची चूक उरत नाही, फक्त बाजाराचे हेलकावे उरतात. फेब्रुवारी 2024 मधल्या सूचनेनंतर मिड आणि स्मॉलकॅप फंड दर महिन्याला एक ताण चाचणी जाहीर करतात: होल्डिंगपैकी 25 आणि 50 टक्के विकायला किती दिवस लागतील. फंड निवडताना हा आकडा दोन-तीन फंडांचा शेजारी ठेवून पाहा. एकाच गटातल्या, सारख्या आकाराच्या दोन फंडांत तो खूप वेगळा असेल, तर जास्त दिवसांच्या फंडाने कमी उलाढालीचे शेअर जास्त उचलले आहेत.

फंड असो की शेअर, नामनिर्देशन आजच भरा आणि कंपन्यांची नावं, डिमॅट खात्याचा क्रमांक, ब्रोकरचं नाव हे सगळं एका कागदावर लिहून घरच्यांना दाखवा. दहा वर्षांनी तो कागद तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला लागू शकतो.